सहली जिथे जात नाहीत

कसमादे पट्ट्यातल्या माणसाला परदेशवारीचं अप्रूप आता फारसं उरलेलं नाही. दुबई, थायलंड, सिंगापूर पाहून आलेली माणसं देवळ्यात, सटाण्यात, कळवणला सहज भेटतात. युरोपला नेणाऱ्या सहल कंपन्यांच्या बसमध्ये नाशिक जिल्ह्यातलं एखादं जोडपं असतंच. आपल्या देवळा आणि उमराण्याच्या लिलावात विकलेला कांदा तर व्यापाऱ्यांच्या हातून बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, आखात असा कुठे कुठे पोहोचतो. त्यामुळे आता काही जणांच्या मनात पुढचा प्रश्न येऊ लागला आहे. जिथे सहलीवाले नेतच नाहीत, अशा देशात जायचं ठरवलं तर काय करावं लागेल? जमेल का, किती खटपट पडेल आणि त्या खटपटीचं चीज होईल का? या लेखात या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र पाहू.

गर्दी का नसते?

एखाद्या देशात पर्यटक कमी जातात, याचा अर्थ तिथे पाहण्यासारखं काही नाही असा होत नाही. तो देश फार भारी, अस्पर्शित वगैरे आहे असंही त्यावरून ठरत नाही. गर्दी नसण्याची कारणं साधारण चार असतात. पहिलं कारण कागदाचं: व्हिसा मिळणं अवघड असतं. दुसरं वाटेचं: विमानं मोजकी, दूरची आणि बेभरवशाची. तिसरं भीतीचं: सीमेवरचा तणाव, जुन्या युद्धाची आठवण किंवा डोंगरातले धोके. चौथं ओळखीचं: देश सुखरूप असतो, पण त्याचं नावच कुणाच्या कानावर पडलेलं नसतं.

यातलं कोणतं कारण लागू आहे हे कळलं की आखणी निम्मी झाली. कारण चारही अडचणींवर उपाय वेगवेगळे आहेत. कागदाला चिकाटी लागते, वाटेला मोकळे दिवस लागतात, भीतीला माहिती लागते आणि ओळख नसेल तर आधी थोडा अभ्यास लागतो. ज्याच्याकडे यातलं जे आहे, त्याने त्या प्रकारचा देश निवडावा. पुष्कळ बेत फसतात ते ‘दुर्मीळ’ या एका शब्दावर भाळून देश ठरवल्यामुळे.

चार देश, चार अडसर

कागदाच्या अडसराचं ठळक उदाहरण म्हणजे तुर्कमेनिस्तान. अनेक वर्षं तिथे जाणाऱ्याला स्थानिक सहल संस्थेकडून निमंत्रणपत्र मागवावं लागत आलं आहे आणि सोबत मान्यताप्राप्त गाइड ठेवावा लागतो. निमंत्रण मंजूर व्हायला किती आठवडे लागतील हे आधी सांगता येत नाही आणि नकार आला तर कारण कळत नाही. तिथे आहे काय? काराकुम वाळवंटातला दरवाझाचा वायूचा खड्डा अर्धशतकाहून अधिक काळ जळतो आहे. रेशीम मार्गावरच्या मर्व या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. अश्गाबात ही राजधानी पांढऱ्या संगमरवरात बांधलेली आहे. इंटरनेटवरच्या बऱ्याच गोष्टी तिथे बंद असतात, त्यामुळे रोज घरी व्हिडिओ कॉल करायची सवय असणाऱ्याने आधीच घरच्यांना सांगून ठेवावं. निमंत्रण आणि गाइड दोन्ही संस्थेकडूनच येत असल्याने खर्च कमी करायला वाव थोडा.

वाटेच्या अडसराचं उदाहरण म्हणजे प्रशांत महासागरातला तुवालू. नऊ बेटं, सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास. जगात सर्वांत कमी पर्यटक जाणाऱ्या देशांच्या यादीत हे नाव कायम वर असतं. गंमत म्हणजे इथे कागदाचा त्रास जवळजवळ नाही, कारण प्रवेशाचा परवाना पोहोचल्यावर मिळतो. वाटेवरच्या फिजीलाही भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण मुंबईहून सिंगापूर किंवा हाँगकाँग, तिथून फिजी आणि फिजीहून आठवड्यातून मोजक्याच दिवशी तुवालूच्या फुनाफुतीला जाणारं छोटं विमान, अशी ही वाट. एक विमान रद्द झालं की पुढच्यासाठी काही दिवस तिथेच बसायचं. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. देशातलं पहिलं एटीएम एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, त्यावरून रोकडीचं महत्त्व ध्यानात यावं. विमान नसेल तेव्हा धावपट्टीवर संध्याकाळी पोरं खेळतात. चढत्या समुद्रामुळे या देशाचं पुढे काय होणार, हा तिथला खरा विषय आहे आणि जाणाऱ्याने तोच समजून घ्यायला जावं.

ओळख नसल्याचं उदाहरण म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम. महाराष्ट्राच्या जवळपास निम्म्या आकाराचा देश, नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग जंगलाखाली आणि लोकसंख्या सहा लाखांच्या घरात. ५ जून १८७३ रोजी लल्ला रूख नावाचं जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन तिथे लागलं. त्यांच्या वंशजांची भोजपुरी-अवधी वळणाची सरनामी भाषा आजही घराघरात ऐकू येते. २०२३ मध्ये त्या आगमनाची दीडशे वर्षं साजरी झाली तेव्हा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या होत्या. राजधानी पारामारिबोचा जुना लाकडी भाग २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हिंदी समजणाऱ्या मराठी माणसाला इथे गप्पा मारता येतात, वरण-भातासारखं जेवण मिळतं. अडचण एवढीच की आपल्याकडून जाणारा नेहमीचा मार्ग ॲमस्टरडॅमवरून आहे, आणि तो लांब नि महाग पडतो.

भीतीचं उदाहरण म्हणजे ताजिकिस्तान. देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ आहे आणि दक्षिणेला अफगाणिस्तानची लांबलचक सीमा. २०१८ च्या जुलैत दांगारा भागात परदेशी सायकलस्वारांवर हल्ला होऊन चौघांचा जीव गेला. पामीर पर्वतातल्या बदख्शान प्रांतात २०२१-२२ मध्ये अशांतता होती आणि काही काळ तो भाग पाहुण्यांना बंद होता. हे सगळं खरं आहे, म्हणूनच निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची आणि राजधानी दुशान्बेतल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नये. पण बाकीच्या बाबतीत हा देश सोयीचा आहे. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. पामीरसाठी लागणारा वेगळा परवाना त्याच अर्जात मागता येतो. फान डोंगरांतले तलाव, पंज नदीच्या काठाने जाणारी आणि पलीकडची अफगाण गावं दाखवणारी वाट, ४,६५५ मीटरवरची अक-बैताल खिंड, असं बरंच काही एका जीपमध्ये बसून पाहता येतं.

कशासाठी जायचं?

आपल्याकडची माणसं आडवाटेच्या देशांत पूर्वीही गेली आहेत. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या आरंभी बुद्धाचा शोध घेत, खिशात फारसं काही नसताना नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशात फिरले. १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. इराणचं वाळवंट आणि सिनाई ओलांडत त्यांतले तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. मीना प्रभूंनी इराण, दक्षिण अमेरिका, तिबेट असे प्रदेश पालथे घालून त्यांवर सविस्तर पुस्तकं लिहिली. तीनही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. यांना काहीतरी नेमकं जाणून घ्यायचं होतं. कुणाला धर्म, कुणाला आपल्या दमाची कसोटी, कुणाला माणसं.

हे महत्त्वाचं एवढ्यासाठी की कमी पर्यटकांच्या देशात करमणुकीची तयार व्यवस्था नसते. आयफेल टॉवरसमोर फोटो काढला की काम झालं, असं तिथे होत नाही. स्वतःचा प्रश्न नसेल तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि गैरसोयी डोळ्यांत खुपतात.

देवळ्याच्या माणसाकडे असा प्रश्न आहे का? आहे, आणि तो शेतातलाच आहे. कांदा आणि डाळिंब या आपल्या दोन्ही पिकांचं मूळ मध्य आशिया आणि इराणच्या पट्ट्यात मानलं जातं. कांद्याचा रानटी नातेवाईक त्या पट्ट्यातल्या डोंगरांत आजही उगवतो. त्याला वाव्हिलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलेलं आहे. पिकांची मूळ ठिकाणं शोधत वाव्हिलोव्ह स्वतः १९१६ मध्ये पामीरला गेला होता. तुर्कमेनिस्तानातल्या गारिगाला इथल्या केंद्रात ग्रेगरी लेव्हिन या संशोधकाने डाळिंबाचे १,११७ नमुने जमवले होते. तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उपटाव्या लागलेल्या शेतकऱ्याला हे ऐकून तिथे जावंसं वाटलं तर नवल नाही. आणि निर्यातबंदीचा ताप आपल्यालाच आहे असंही नाही. २०२३ च्या सुरुवातीला कझाकस्ताननेही कांद्याची निर्यात थांबवली होती. दुशान्बेच्या मंडईत कांदा विकणाऱ्याशी दुभाष्यामार्फत तासभर बोलायला मिळालं तर त्या सहलीचे पैसे फिटले म्हणायचे.

आपला हंगाम, त्यांचा हंगाम

वेळेच्या बाबतीत देवळ्याची बाजू भक्कम आहे, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, मे अखेरपर्यंत चाळीत भरला जातो. जून-जुलैत मका आणि बाजरीची पेरणी, मग निंदणी. ऑगस्टच्या मध्यापासून मका काढणीपर्यंत हाताशी जरा सवड असते. ऑक्टोबरपासून पुन्हा कांद्याची रोपं टाकायची घाई सुरू होते. आपल्याकडे पावसाळी सुस्ती असते तेव्हा पामीरचे रस्ते उघडे असतात. जुलै ते सप्टेंबर हाच तिथला खरा हंगाम. मंगोलियाचा गवताळ प्रदेश जून ते सप्टेंबरातच हिरवा असतो. तुवालूत मे ते ऑक्टोबर हे महिने त्यातल्या त्यात कोरडे.

पोळा घरीच करायचा हा शेतकऱ्याचा नेम मोडायची गरज नाही. तो मध्ये येत असेल तर आधी जाऊन यावं किंवा बैल पुजून निघावं. चाळीतला माल मात्र आधी पाहून, सडका निवडून, कुणावर तरी जबाबदारी टाकूनच निघावं.

शिक्षक आणि नोकरदारांचं गणित वेगळं. त्यांना मे महिना आणि दिवाळीची सुट्टी. मे महिन्यात पामीरच्या खिंडींत बर्फ असतो, पण ताजिकिस्तानचा खालचा भाग हिरवागार असतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तुर्कमेनिस्तान चांगलं, तिथला जाळणारा उन्हाळा तोवर ओसरलेला असतो. सुरीनामचा मोठा कोरडा काळ ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे दिवाळी कधीही असली तरी चालतं. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत नोकरी असेल तर परदेशी जाण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. हा अर्ज व्हिसाच्या अर्जाआधीचा, कारण त्यालाच सगळ्यांत जास्त वेळ लागू शकतो.

सातबारा आणि व्हिसा

खेड्यातल्या माणसाचा बेत बहुधा कागदांपाशी अडतो. पासपोर्टचं काम नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,००० रुपये. पोलीस पडताळणी आपल्या ठाण्यातून होते. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी आणि कोरी पानं हवीत.

नाव तपासून घ्या. आधार, पॅन, दहावीचा दाखला आणि पासपोर्ट यांत वडिलांचं नाव एकात आहे, दुसऱ्यात नाही, हे आपल्याकडे सर्रास असतं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असणं सगळ्यांत त्रासाचं. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणं बंद केलं आहे. आडवाटेच्या कित्येक देशांची विमानं दुबईवरूनच जातात, तेव्हा ही दुरुस्ती आधी करून घ्यावी.

ज्या देशांचा व्हिसा दूतावासातून मिळतो ते बँकेचं सहा महिन्यांचं खातेपत्रक आणि आयकर विवरणपत्र मागतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत आणि इथे गाडी अडते. कर शून्य असला तरी दोन-तीन वर्षं विवरणपत्र भरून शेतीउत्पन्न दाखवून ठेवावं. सोबत सातबारा, आठ-अ आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या जोडाव्यात. हे सगळं मराठीत असतं, म्हणून इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्यावा. लिलावाचे पैसे रोखीने न घेता खात्यात घेण्याचा फायदा इथे दिसतो.

वाटेतल्या देशाचा व्हिसा हा आणखी एक खड्डा. एकाच तिकिटावर पुढचं विमान असेल तर बहुधा विमानतळाबाहेर पडावं लागत नाही. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, की सामान घेऊन पुन्हा द्यायला बाहेर यावं लागतं आणि त्या देशाचाही व्हिसा लागू शकतो.

पैसा

खर्चाचे आकडे दर महिन्याला बदलतात, खर्चाची घडण मात्र बदलत नाही. गर्दीच्या देशात विमान, हॉटेल, बस यांत चढाओढ असते, म्हणून दर खाली येतात. आडवाटेच्या देशात हॉटेलं दोन-चार आणि गाडी मागवावी तेव्हाच येणार. त्यामुळे तिथे सगळ्यांत मोठा खर्च सहसा गाडी आणि चालकाचा असतो, आणि तो माणशी नसून गाडीमागे असतो. एकटा गेला तर तो खर्च एकट्यावर, चौघे गेले तर चार वाटे. एका जीपमध्ये सामानासकट चौघे नीट बसतात, म्हणून चार हा सोयीचा आकडा.

आपल्या मोठ्या सहल कंपन्या अशा देशांत कमी जातात त्याचंही कारण हेच आहे. चाळीस माणसांना एकाच रात्री पुरतील एवढ्या खोल्या, सोबत स्वयंपाकी, मोठी बस, हे त्यांचं गणित पामीरमधल्या मुरघाबसारख्या गावात बसतच नाही.

रोकड नेताना नियम माहीत हवेत. सर्वसाधारणपणे एका प्रवासाला परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंतच घेता येतात, बाकी रक्कम कार्डावर घ्यावी लागते. इराण, रशिया आणि ताजिकिस्तानसारख्या स्वतंत्र राष्ट्रकुलातल्या देशांसाठी रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा शिथिल ठेवली आहे. भारतीय रुपये २५,००० पेक्षा जास्त बाहेर नेता येत नाहीत आणि तिथे ते चालतही नाहीत. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या घ्याव्यात. मळक्या नोटा लहान गावात कुणी घेत नाही. सहल संस्थेकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस हा कर कापला जातो. तो परत मिळवायचा तर पुन्हा विवरणपत्र भरणं आलंच.

जीव आणि पोट

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. सुरीनाम त्या यादीत आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हा नियम त्या देशाचा नसून आपल्याच देशाचा आहे, म्हणून तो शेवटपर्यंत लक्षात येत नाही.

पामीरचा धोका उंचीचा. कळसूबाई १,६४६ मीटर, तर मुरघाब गाव सुमारे ३,६०० मीटरवर. त्यामुळे एकदम वर न जाता खालच्या खोरोग शहरात दोन रात्री काढून टप्प्याटप्प्याने चढावं. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि त्यांनी नको म्हटलं तर खालच्याच भागात फिरावं. विमा घेताना रकमेआधी दोन अटी वाचाव्यात: किती उंचीपर्यंत लागू आहे आणि दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च त्यात आहे का. जवळचं मोठं रुग्णालय एक दिवसाच्या अंतरावर असतं तेव्हा दुसरी अट जिवाची ठरते.

जेवणाची जेवढी धास्ती वाटते, तेवढी बाळगायची गरज नसते. मध्य आशियात मांसाहारच जास्त, हे खरं. पण तंदुरी रोटी, दही, टोमॅटो, काकडी, कांदा, टरबूज आणि सुकामेवा गावोगावी मिळतो. ताजिकांचं कुरुतोब हे रोटीचे तुकडे आंबट दह्याच्या पाण्यात भिजवून वर कांदा आणि पालेभाजी घालून करतात. ते बिनमांसाचं सांगून मागवलं तर आपल्या माळकऱ्यालाही चालेल. शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि चिवडा सोबत असला की अडलेल्या रात्री निभतात.

मग कोणता देश?

चारही बाजू तोलून पाहिल्या तर देवळ्याच्या शेतकऱ्यासाठी पहिला देश म्हणून ताजिकिस्तान सरस ठरतो. व्हिसा घरबसल्या, हंगाम आपल्या सवडीशी जुळणारा, खर्च चौघांत वाटला जाणारा आणि विचारायला आपला स्वतःचा प्रश्न. अट एकच, त्या वेळची सुरक्षेची सूचना अनुकूल असली पाहिजे. नसेल तर बेत एक वर्ष पुढे ढकलावा, त्यात कमीपणा नाही. दिवाळीच्या सुट्टीवाल्या आणि भाषेची भीती असणाऱ्या कुटुंबाने, पैशाची तयारी असेल तर, सुरीनाम पाहावं. तुर्कमेनिस्तान ज्याला नकार पचवता येतो त्याच्यासाठी. तुवालू मात्र शेवटी ठेवावं. ज्याच्या परतीच्या तारखेवर घरचं काहीच अडलेलं नाही, त्यानेच तिकडे जावं.

ज्याने कधीच विमान पाहिलेलं नाही, त्याने पहिलीच उडी इतकी लांब मारू नये. नेपाळला मतदार ओळखपत्रावर जाता येतं. भूतानलाही चालतं, फक्त तिथे भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये शुल्क द्यावं लागतं. तिथे सहल संस्थेशिवाय, स्वतःच्या आखणीवर आठवडाभर राहून यावं. परक्या ठिकाणी गाडी ठरवणं, भाव करणं, बेत मोडला तर दुसरा लावणं या गोष्टी तिथे स्वस्तात शिकता येतात.

क्रम असा ठेवावा: या वर्षी पासपोर्ट, नावातली दुरुस्ती आणि विवरणपत्र. पुढच्या उन्हाळ्यात कांदा चाळीत गेला की देश आणि सोबती पक्के. मग व्हिसा, आणि व्हिसा हातात आल्यावरच न परतणाऱ्या पैशांचं तिकीट. हा क्रम उलटा केल्यामुळे जेवढे बेत बुडतात, तेवढे अंतरामुळे बुडत नाहीत. आपल्या तालुक्यातून सुरीनामपर्यंतचं सगळ्यांत अवघड अंतर तलाठी कार्यालय ते नाशिकचं पासपोर्ट केंद्र एवढंच आहे, आणि ते एका हंगामात सहज पार होतं.